मुक्याची संमती

सशावर आपल्या परंपरेने पुष्कळ लोभ केला आहे. नैयायिकांनी त्याला नसलेले शिंग दिले आणि केवळ अभावाचे उदाहरण म्हणून ते शतकानुशतके मिरवले. कवींनी त्याला चंद्रावर नेऊन बसवले. शशी आणि शशांक ही चंद्राची नावे त्याच्याच मालकीची. बाळगोपाळांच्या गोष्टींनी त्याला कासवाकडून हरवले, आभाळ पडले म्हणून रानभर पळवले. भित्र्या माणसाचे काळीज आपण सशाचे ठरवून टाकले. या सगळ्या गौरवात आणि उपहासात त्याच्या नखांचा उल्लेख मात्र आम्हांस कोठे आढळला नाही. नखे म्हटली की मराठी मनाला वाघ आठवतो. सशालाही नखे असतात, ती सतत वाढतात आणि कोणीतरी ती कापावी लागतात, ही गोष्ट ससा घरात आल्यावरच ध्यानात येते.

विषय क्षुल्लक आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. परंतु नीतिशास्त्रातले मोठे प्रश्न मोठ्या प्रसंगांतच भेटतात, असा काही नियम नाही. युद्ध, फाशी, दुष्काळ अशा प्रसंगी मनुष्य आपल्या कृतीचे समर्थन आगाऊ तयार ठेवून असतो. रविवारी सकाळी व्हरांड्यात बसून सशाचा पाय हातात धरताना असे समर्थन कोणी जवळ बाळगीत नाही, आणि म्हणूनच तेथे प्रश्न उघडा दिसतो. तो प्रश्न असा : जो जीव आपली संमती देऊ शकत नाही, त्याला भय देऊन त्याचे हित करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोणती?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहणे इष्ट होईल. घरात पाळला जातो तो ससा आपल्या माळरानावरचा नव्हे. आपला रानससा बीळ खणीत नाही; गवतात उथळ खळगा करून तो उघड्यावर पडून राहतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला पकडून पाळण्याची मुभाही उरलेली नाही. पिंजऱ्यातून बाजारात येणारा पांढरा, काळा वा कबरा ससा हा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानटी सशाचा वंशज. तो कळपाने राहणारा आणि जमिनीखाली बिळांची वसाहत करणारा. त्याच्या नखांचे प्रयोजन माती उकरणे हे आहे. ती जितकी वाढतात तितकी खणताना झिजतात. निसर्गाने वाढ आणि झीज यांचा जमाखर्च बरोबर जुळवून ठेवला आहे. आपण त्या सशाला आणून फरशीवर ठेवले. फरशी उकरता येत नाही. परिणामी जमा चालू राहिली आणि खर्च थांबला. वाढलेली नखे वळू लागतात, पावलाची ठेवण बिघडवतात, सतरंजीच्या धाग्यात अडकून मुळापासून उपटली जातात.

येथे पहिली महत्त्वाची गोष्ट हाती लागते. सशाला आपल्या मदतीची जी गरज आहे, ती आपणच निर्माण केलेली आहे. रानातल्या सशाला कोणाच्याही कात्रीची गरज नसते. म्हणून नखे कापणे ही दया नव्हे. ती परतफेड आहे. दया करणाऱ्याला कृतज्ञतेची अपेक्षा ठेवता येते. ऋण फेडणाऱ्याला ती ठेवता येत नाही. ससा हात सोडून पळाला, कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसला, तर ‘इतके करूनही याला काही त्याचे नाही’ असे म्हणण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही.

हे ऋण केवढे, याचाही हिशेब करून पाहावा. सशाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी एकूण १८ नखे असतात. चार ते सहा आठवड्यांत ती पुन्हा कापण्याजोगी होतात. चांगली निगा राखलेला ससा ८ ते १० वर्षे जगतो. सहा आठवड्यांचे अंतर धरले, तरी वर्षातून आठ वेळा, म्हणजे १४४ नखे. आठ वर्षांत हा आकडा हजाराच्या पुढे जातो. ज्या वाचकांची दर तीन वर्षांनी बदली होते, त्यांनी एवढ्या काळात आपल्याला किती गावे पाहावी लागतात याचा विचार करावा. मुलांच्या हट्टाखातर एका गावी आणलेला ससा पुढच्या दोन गावी आपल्याबरोबर नेणे, आणि तेथेही त्याची नखे कापीत राहणे, हे त्या हट्टाच्या दिवशीच मान्य केलेले असते. मग ते कोणाच्या लक्षात आलेले असो वा नसो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे पाहू. नखाच्या आत, मुळापासून काही अंतरापर्यंत, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. या कोमल भागाला मराठीत जिव्हाळी हा फार सुंदर शब्द आहे. जिव्हाळा आणि जिव्हारी लागणे हे प्रयोग त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे आपल्या पूर्वजांनी वेदना आणि प्रेम यांचे ठिकाण किती जवळजवळ मानले होते, हे ध्यानात येते. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी रेघेसारखी दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही. मागून विजेरीचा प्रकाश धरून तिचा शोध घ्यावा लागतो. तिच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर अंतर राखून कापले, तर सशाला काही दुखत नाही. कात्री त्या रेघेवर गेली, तर रक्त येते आणि कॉर्नफ्लोअरसारखे बारीक पीठ दाबून धरून ते थांबवावे लागते.

याचा अर्थ असा की, काम नीट झाले तर त्यात वेदना नाही. भय मात्र आहे, आणि ते कौशल्याने पुरते नाहीसे करता येत नाही. ससा हा भक्ष्य म्हणून जन्मलेला प्राणी. लक्षावधी वर्षे त्याच्या जातीने एकच धडा घेतला : पाय जमिनीवरून सुटले की आपण कोणाच्या तरी जबड्यात किंवा पंजात आहोत. आपण त्याला उचलतो तेव्हा आपल्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तो झटका देतो, लाथा झाडतो. आणि येथे एक खरा धोका उभा राहतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के भरतो, मांजराचा १२-१३ टक्के. इतक्या हलक्या हाडांना मागच्या पायांचे स्नायू मात्र फार बळकट. मागची बाजू नीट आधारलेली नसेल, तर आपल्याच लाथेच्या जोराने सशाचा कणा मोडू शकतो. हित करणारा हात निष्काळजी असला, तर भयाचे रूपांतर मरणात व्हायला क्षण पुरतो.

कोणी म्हणेल, लहान मुलालाही आपण असेच धरतो. बाळ रडते म्हणून लस टोचायचे कोणी थांबत नाही. हे खरे आहे. परंतु या दोन्ही गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. मूल मोठे होते. आज त्याच्या वतीने आपण जी संमती गृहीत धरतो, तिच्यावर तो वीस वर्षांनी आपली सही करतो, किंवा करावयाचे नाकारतो. कान टोचल्याबद्दल एखादी मुलगी आईशी वाद घालू शकते. पालकाच्या अधिकाराला हा भावी जाब सतत वेसण घालीत असतो. सशाच्या बाबतीत असा दिवस कधीच उगवत नाही. हजार नखे कापून झाल्यावरही त्याला आपले प्रयोजन कळलेले नसते. त्याचा पालक कोणालाही जाब देणे लागत नाही. आणि ज्या अधिकाराला जाब विचारणारा कोणी नाही, तो वापरताना शहाण्या माणसाने स्वतःवर अधिक पहारा ठेवावा, हे प्रशासनात आयुष्य घालविलेल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? संसदेने १९६० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा संमत केला. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेले खासगी विधेयक त्याच्या मुळाशी होते. प्राणी बाळगणाऱ्याने त्याच्या सुस्थितीसाठी वाजवी उपाय योजावेत आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असे कर्तव्य या कायद्याचे तिसरे कलम घालून देते. सगळा भार ‘अनावश्यक’ या एका शब्दावर आहे. पण आवश्यकता कोणाची? अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितल्यावर काही अपवाद दिले आहेत : विहित रीतीने गुरांची शिंगे काढणे, जनावराला खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे. बैलाला वेसणीची आवश्यकता नसते. ती शेतकऱ्याला असते. कायद्याने दोन्ही आवश्यकता एकाच शब्दात सामावून घेतल्या. राज्य चालवायचे तर तसे करावे लागते, हे आम्हांस समजते. तथापि विवेकाला अधिक बारीक चाळण लागते. नखे सशासाठी कापली जात आहेत, की सोफ्याच्या कापडासाठी, हा प्रश्न कायदा विचारणार नाही. आपण तो स्वतःला विचारला पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर ‘दोहोंसाठी’ असे येते. तसे असेल तर ते तसे म्हणावे. आपल्या सोयीला परोपकाराचे नाव देण्याची खोड जितकी जुनी तितकीच घातक आहे.

प्राणी ही केवळ यंत्रे आहेत, या देकार्तच्या सतराव्या शतकातल्या मताने युरोपात हा प्रश्नच फार काळ दडपून ठेवला. १७८९ साली बेंथॅमने बुद्धी आणि वाचा या कसोट्या बाजूला सारून वेदना जाणण्याची शक्ती ही कसोटी पुढे केली, तेव्हा दार थोडे उघडले. आपल्याकडे ते कधी पुरते बंदच नव्हते. मात्र आपल्याकडच्या विचाराने दुसऱ्याच जागी बोट ठेवले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राणहानीच्या जोडीला प्रमादाचा उल्लेख आहे. असावधपणा हाच हिंसेचा गाभा, असा त्याचा रोख. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देऊन शांत करविले. त्यावर देशभर गदारोळ उठला. वासराने आपली इच्छा सांगितली नव्हती. ती गांधीजींनी ठरविली. त्यांचे उत्तर स्थूलमानाने असे होते की, क्रोधाने किंवा स्वार्थाने दिलेली पीडा ही हिंसा. जेथे स्वार्थाचा लेश नाही तेथे कृतीचे रूप पाहून निर्णय देता येत नाही.

या दोन विचारांची सांगड घातली, तर नि:स्वार्थ हेतू आणि अखंड सावधपणा अशा दोन अटी हाती येतात. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु आमच्या मते एवढ्याने काम भागत नाही. तिसऱ्या एका अटीची गरज आहे, आणि ती सशानेच आम्हांस शिकविली.

सशाला उताणे करून, डोके किंचित मागे झुकवून धरले, तर तो एकाएकी निश्चल होतो. पाय सैल पडतात, धडपड थांबते. पुष्कळ वर्षे नखे कापण्याची ही उत्तम युक्ती म्हणून सांगितली जात असे. ससा ‘झोपला’, त्याला ‘मोहिनी पडली’, असे म्हणत. अशी निश्चलता इतर प्राण्यांतही दिसते. १६४६ साली किर्खर या जेझुइट पंडिताने कोंबडीवरच्या अशाच प्रयोगाचे वर्णन केले होते. पाय बांधून कोंबडी जमिनीवर ठेवायची, तिच्यासमोर खडूची रेघ ओढायची आणि पाय सोडायचे. कोंबडी तशीच पडून राहते. ती रेघ तिला दोरीच वाटते, असा त्याने तर्क केला. सशांच्या बाबतीत मात्र पुढे या अवस्थेची नीट परीक्षा झाली. इंग्लंडमधील संशोधकांनी २००६ साली मांडलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, त्या वेळची शरीराची लक्षणे आणि नंतरचे वागणे स्वस्थतेची साक्ष देत नाहीत. ती भयाची आहेत. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या जीवाचा तो अखेरचा उपाय आहे. मेल्यासारखे पडून राहिले, तर कदाचित पकड ढिली होईल.

म्हणजे इतकी वर्षे ज्याला आपण शांतता म्हणत होतो, ती भीतीची परमावधी होती. धडपडणारा ससा जितका घाबरलेला असतो, त्याहून हा निपचित ससा कमी घाबरलेला नसतो. फरक इतकाच की, पहिल्याचा त्रास आपल्याला होतो आणि दुसऱ्याचा होत नाही.

आमच्या मते या प्रश्नाचे सार येथेच आहे. मुका जीव संमती देऊ शकत नाही, हे आपण गृहीत धरूनच चाललो. परंतु तो असंमती दाखवू शकतो. पाय आखडून घेणे, हातातून निसटणे, मागचा पाय जमिनीवर आपटणे, पाठ फिरवणे एवढीच त्याची भाषा आहे. तिच्यात ‘हो’ नाही, पण ‘नाही’ स्वच्छ आहे. उताणे धरण्याच्या युक्तीने आपण त्याचे भय कमी करीत नाही. त्याचे ‘नाही’ तेवढे बंद करतो. आणि मग त्या शांततेकडे बोट दाखवून सर्व ठीक असल्याचे म्हणतो. म्हणून तिसरी अट अशी : ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या असंमतीची वाट मोकळी ठेवावी, आणि शक्य तेवढे तिचे ऐकावे.

ऐकावे म्हणजे काय करावे? नखे तर कापलीच पाहिजेत. पण १८ नखे एका बैठकीत कापली पाहिजेत, असे कोठे आहे? जमिनीवर बसून, ससा मांडीशी किंवा सतरंजीवर चारी पायांवर असताना, दुसऱ्या माणसाने त्याचे अंग आधारून धरले असता, एका वेळी एक पाय हाती घेता येतो. आज चार, उद्या चार, असे पाच दिवसांत काम संपते. तो पाय ओढून घेऊ लागला तर सोडावा, कोथिंबिरीची काडी द्यावी, थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. मातीने भरलेले एखादे खोके खोलीत ठेवले, तर उकरण्याची हौस तरी भागते. या रीतीने वेळ पाचपट लागतो. तो जादा वेळ म्हणजेच त्याच्या ‘नाही’ला आपण दिलेली किंमत होय. इतके करूनही ज्या दिवशी धरावेच लागेल, त्या दिवशी निदान आपण काय करीत आहोत, याविषयी आपल्या मनात भ्रम राहणार नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो बळकट आहे. ऋणाचीच गोष्ट काढायची, तर मुळात ससा पाळूच नये, असे का म्हणत नाही? नवा ससा आणण्याविषयी आम्ही जवळजवळ तेच म्हणतो. एक तपाच्या आसपास जाणारी जबाबदारी आनंदाने घेता येत नसेल, तर मुलांना खेळणे द्यावे. परंतु जो ससा आपल्या घरात आहेच, त्याला रानात सोडून ऋणमुक्त होता येत नाही. शेकडो पिढ्या माणसाच्या आश्रयाने वाढलेला, बहुधा दुरून दिसणाऱ्या रंगाचा हा प्राणी आपल्या रानात कुत्र्यामांजरांच्या तोंडी जायला फार दिवस लागणार नाहीत. आणि जेथे तो तगला, तेथे काय झाले हेही जगाने पाहिले आहे : १८५९ साली ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेखातर सोडलेल्या मूठभर सशांनी पुढे अर्धे खंड कुरतडले. सोडून देणे हे स्वातंत्र्य देणे नव्हे. ज्याचे बीळ आपण घेतले, त्याची नखे आपणच कापली पाहिजेत.

आपले बहुतेक वाचक अशा प्रांतांत अधिकारावर आहेत, जेथली बोली त्यांच्या घरातली नाही. त्यांच्या टेबलावरून रोज अशा सूचना जातात, ज्यांच्या शेवटी ‘विहित मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल’ हे वाक्य असते. त्या वाक्यावाचून कारभार चालणार नाही, हे आम्ही जाणतो. लोक म्हणजे ससे नव्हेत. त्यांना वाचा आहे, मत आहे, न्यायालय आहे. तरीही ज्या वस्तीतून एकही हरकत आली नाही, ती समाधानी आहे की उताणी धरलेली आहे, हे फाइलवरून समजत नाही. त्यासाठी तेथे जाऊन, खाली बसून, पाय ओढून घेण्याइतकी मोकळीक त्यांना आहे की नाही, हे पाहावे लागते.

नखे कापून झाल्यावर ससा थोडा दूर जातो, मागचा पाय एकदा जमिनीवर आपटतो आणि पाठ फिरवून अंग चाटू लागतो. तो आपल्या कृतीवर त्याने मारलेला शेरा आहे. प्रतिकूल असला तरी तो नोंदवून घ्यावा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा कात्री हाती घेण्यापूर्वी एकदा वाचावा.